संगीतावर घर चालवायचंय? साथीदारांसाठी सुरुवातीच्या पायऱ्या

स्टार कसं व्हायचं हे मला माहिती नाही, त्यामुळे ते इथे मिळणार नाही. मी तबला-ढोलकी वाजवतो, गरज पडली तर पॅडही (इलेक्ट्रॉनिक ड्रम), पुण्यात राहतो आणि घर त्याच्यावरच चालतं. अधूनमधून एखादं नुकतंच विशारद झालेलं पोरगं नाहीतर त्याचे आईवडील फोन करून विचारतात की यात करिअर आहे का हो. आहे, पण कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये जे दिसतं तिथे ते नाहीये, म्हणून जरा सविस्तर लिहितोय. बहुतेक गोष्टी साथीदारांच्या आहेत, म्हणजे तबला, पेटी, कीबोर्ड, पखवाज, बासरी वगैरे. गाणाऱ्यांनाही निम्मं लागू होईल.

आधी काय जातंय आणि काय राहतंय ते बघा

यंत्राने वादकाचं काम खाल्लं ही आजची गोष्ट नाही. मुंबईच्या फिल्म स्टुडिओंत एके काळी गोव्याचे वादक भरलेले असायचे, चर्चच्या शाळेत सोल्फेज (स्वरलिपी वाचून गाणं) शिकून आलेले, नोटेशन बघितलं की लगेच वाजवणारे. अँथनी गोन्साल्विस, सबॅस्टियन डिसूझा अशा अरेंजर मंडळींनी त्यांच्या जिवावर मोठमोठे ऑर्केस्ट्रा उभे केले. मग सिंथेसायझर आला, मग कॉम्प्युटरवरचं प्रोग्रामिंग आलं, आणि व्हायोलिनच्या रांगा गेल्या. पुढे लग्नातल्या ब्रास बँडच्या जागी डीजे आला, हिंदी-मराठी गाण्यांच्या ऑर्केस्ट्राच्या जागी कराओके ट्रॅक आला, आता दुकानाची जिंगल, मंडळाचं गाणं, निवडणुकीचं प्रचारगीत हे सगळं सुनो-बिनोवर एआयने बनवून टाकतात, रेकॉर्डिस्टसुद्धा लागत नाही.

यात एक पॅटर्न आहे. कोण वाजवतंय याने ऐकणाऱ्याला काहीच फरक पडत नाही ते काम आधी जातं. समोरच्याचं ऐकून वाजवावं लागतं ते काम टिकतं. कीर्तनकार बुवा मधेच अभंग सोडून दृष्टांतात शिरतात आणि परत कधी येतील ते त्यांनाच माहिती नसतं, तिथे ट्रॅक चालत नाही. कथकच्या क्लासमध्ये पोरीचा चक्कर चुकला की लय धरून थांबावं लागतं. सुगम गाणारी बाई आज घसा बसलाय म्हणून पट्टी अर्ध्या सुराने खाली मागते. तुम्ही आत्ता जे शिकताय त्यातलं किती यंत्राला येतं आणि किती येत नाही हे एकदा स्वतःशी प्रामाणिकपणे बघा, आणि वेळ दुसऱ्या प्रकारावर घाला. फास्ट कायदे आणि चक्रदार (तबल्याच्या सोलोतल्या रचना) रीलवर छान दिसतात, पण मला आजपर्यंत फोन आलेत ते ठेका स्थिर राहतो म्हणून.

पायरी १: कामापुरती तयारी

परीक्षा द्या, नाही म्हणत नाही. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिकपासून अलंकारपर्यंतच्या परीक्षांचा उपयोग पुढे शिकवण्या घेताना होतो, पालक सर्टिफिकेट विचारतात. पण स्टेजवर कोणी विचारत नाही. तिथे लागतं ते असं: केरवा, दादरा, भजनी, धुमाळी, रूपक, झपताल हे सगळं कुठल्याही लयीत, आणि महत्त्वाचं म्हणजे संथ लयीत न पळता दहा-पंधरा मिनिटं. विलंबित एकताल येत नसेल तर शास्त्रीय साथ करतो असं सांगू नका, पहिल्या बैठकीतच कळतं. लावणीची ढोलकी ही वेगळी विद्या आहे, तबला येतो म्हणून ढोलकी येते असं नाही, ती त्या लोकांकडे बसूनच शिकावी लागते.

पट्टीचं, म्हणजे पेटीवरची कुठली पट्टी सा धरून गायचं त्याचं, गणित पाठ पाहिजे. पुरुष साधारण पांढरी १ ते काळी २ मध्ये गातात, बायका काळी ४-काळी ५ मध्ये, म्हणजे एका तबल्यावर भागत नाही, निदान एक टिपेचा (उंच सुराचा) आणि एक ढाला (खालच्या सुराचा) लागतोच. सुरुवातीला पैसे नसतात तेव्हा काळी ४ ला काळी १ चाच तबला मध्यमात (गाणाऱ्याच्या म स्वरावर) म्हणून चालवून नेतात, चालतोही, फक्त बाईंनी नेमका भूप राग काढला की बोंबला, कारण भूपात मध्यमच नाही. पेटीवाल्यांनी सगळ्या बारा पट्ट्यांत बोटं फिरतील इतका रियाज करावा. स्केलचेंजर पेटीने (जिची पट्टी सरकवून बदलता येते) काम भागतं हे मान्य, पण प्रत्येक ठिकाणी तुमचीच पेटी असेल असं नाही.

पावसाळ्यात पुडी (तबल्याचं कातडं) उतरते, त्यामुळे हातोडी, एक जादा पुडीचा तबला आणि कोरडं फडकं पिशवीत कायम असू द्या.

पायरी २: वर्षाचा नकाशा

आमच्या धंद्याचं कॅलेंडर इंग्रजी महिन्यांवर चालत नाही, तिथीवर चालतं. नवीन मुलं इथेच गडबडतात, चार महिने भरपूर कामं येतात, मोबाइल हप्त्यावर घेतात, आणि मग पितृपक्षात बसतात तोंड बघत.

थोडक्यात असं: तुळशीचं लग्न झालं की लग्नसराई सुरू, ती आषाढापर्यंत रडतखडत चालते. दिवाळी पहाट हा आता स्वतंत्र हंगामच झालाय, एकाच सकाळी गावात दहा ठिकाणी कार्यक्रम असतात आणि चांगले तबलजी कमी पडतात, त्यामुळे नवीन माणसाला पहिला मोठा ब्रेक बऱ्याचदा तिथे मिळतो. गणपतीत मंडळं, सोसायट्या, बँजो पार्टी. श्रावणात भजनं, मंगळागौर. हिवाळ्यात शास्त्रीय महोत्सव. ग्रामीण भागात कार्तिक ते चैत्र अखंड हरिनाम सप्ताह, जत्रा. तमाशाचा हंगाम दसऱ्यापासून पुढे अक्षयतृतीयेच्या सुमारापर्यंत, आणि गुढीपाडव्याच्या आसपास नारायणगावला फडांच्या राहुट्या लागतात, तिथे गावोगावच्या यात्रा कमिट्या येऊन सुपारी ठरवतात. तो बाजार एकदा तरी बघून या, मानधन कसं ठरतं याचं शिक्षण फुकट मिळतं.

अधिक महिना असेल तर हिशोबच बदलतो. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आहे, १७ मे ते १५ जून, म्हणजे ऐन सीझनमध्ये लग्नं बंद. पण त्याच महिन्यात भजन-कीर्तन जोरात असतं. ज्याला दोन्ही येतं त्याचं नुकसान कमी.

सप्ताह आणि कीर्तनाबद्दल जरा जास्त सांगतो कारण शहरातली मुलं याला कमी लेखतात. आळंदीला जोग महाराजांनी १९१७ मध्ये वारकरी शिक्षण संस्था काढली, तिथून आणि अशा इतर ठिकाणांहून तयार झालेले पखवाजवादक आणि गायक आज गावोगाव फिरतात, आणि त्यांची वर्षाची तारीखवही बघितली तर शहरातल्या फ्यूजन बँडवाल्याला चक्कर येईल. तिथे स्पर्धा आहे, शिस्त आहे, चाली शेकड्याने पाठ लागतात. कोकणात डबलबारी भजनाचं (दोन बुवांच्या सामन्याचं) तसंच, तिथला पखवाज आणि बुवांची हजरजबाबी साथ हे कुठल्या अ‍ॅपवर शिकता येत नाही. तुमचं गाव तिकडचं असेल तर पुण्या-मुंबईत जागा शोधण्याआधी गावातलं मार्केट बघा, गंमत करत नाहीये.

पायरी ३: पहिली कामं कुठून आणायची

व्हिजिटिंग कार्ड छापून येत नाहीत. बदलीतून येतात. म्हणजे एखाद्या सीनियर वादकाला एकाच दिवशी दोन तारखा आल्या की तो एक कोणालातरी देतो. ते कोणालातरी म्हणजे तुम्ही व्हायचंय. त्यासाठी त्याच्या रिहर्सलला जाऊन मागे बसायचं, गाणी लिहून घ्यायची, तबला उचलू लागायचं. मात्र एक गोष्ट लक्षात ठेवा, बदली म्हणून गेलात तर त्या पार्टीला स्वतःचा नंबर चिकटवू नका. पुढचं काम त्या सीनियरमार्फतच घ्यायचं. हे कुठे लिहिलेलं नाही पण सगळ्यांना माहिती आहे, आणि मोडलं की फोन यायचे बंद होतात, का ते कोणी सांगतही नाही.

बाकी सुरुवातीच्या जागा: कथकचे क्लास (तबला आणि लेहऱ्याला, म्हणजे तालाचं आवर्तन धरून ठेवणाऱ्या सुरावटीला, पेटी, रोजचं काम, पैसे कमी पण लय पक्की होते), महिला भजनी मंडळं, सुगम संगीताचे क्लास, आणि परीक्षा केंद्रं. गांधर्वच्या परीक्षा वर्षातून दोनदा, एप्रिल-मे आणि नोव्हेंबर-डिसेंबरच्या सत्रात असतात, तेव्हा गायनाच्या मुलांना दिवसभर साथीला माणूस लागतो. दिवसभर बडा ख्याल छोटा ख्याल वाजवून हात दुखतात, पण शहरातले पंधरा-वीस गायनशिक्षक एका दिवसात तुम्हाला ऐकतात. ही जाहिरात विकत मिळत नाही.

कराओके क्लबवाल्यांना नाकं मुरडू नका असं माझं मत आहे. तिथे गाणारे निवृत्त बँकवाले, डॉक्टर, हौशी लोक असतात, त्यातल्या काहींना कधीतरी लाइव्ह वादकांबरोबर गायचं असतं आणि त्यांच्याकडे पैसे असतात. साठीच्या वाढदिवसाला घरगुती मैफल, एक कीबोर्ड, एक तबला-पॅड, एवढं छोटं पॅकेज करून दिलं तर काम मिळतं. माझ्या ओळखीतले एकदोन कीबोर्डवाले यावरच उभे आहेत.

"पैसे नाहीत पण प्लॅटफॉर्म मिळेल" वाल्यांचं काय करायचं? शिकायला मिळणार असेल तर जा, म्हणजे गायक मोठा असेल, वादक चांगले असतील. नाहीतर स्पष्ट नाही म्हणा. आयोजक हॉलचं भाडं देतो, साउंडवाल्याला देतो, हारवाल्याला देतो, आणि तबलजीला फक्त शाल-श्रीफळ, असं का?

पायरी ४: पैशाचं बोलणं

हा भाग सगळ्यात अवघड जातो कारण आपल्याकडे मानधन विचारणं म्हणजे कलेचा अपमान असं लहानपणापासून डोक्यात बसवलेलं असतं. फोनवर हो म्हणायच्या आधी हे विचारा: तारीख, गाव, किती वाजता पोचायचं, रिहर्सल किती, गाणी किती आणि कुठली, पट्टी कुठली, साउंड कोणाचा, जाण्यायेण्याची आणि जेवणाची सोय कोणाची, मानधन किती आणि कधी. बोलणं झालं की हे सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर दोन ओळीत टाकून समोरच्याकडून "ओके" घ्या. तेवढा कागद पुरतो.

रेट कसा ठरवायचा? तासाचा हिशोब करून बघा. समजा साताऱ्याला कार्यक्रम आहे आणि ५ हजार मिळणार. दुपारी १२ ला पुण्यातून निघायचं, घरी यायला रात्रीचा १, झाले १३ तास. आधी तीन-तीन तासांच्या दोन रिहर्सल, ६ तास. घरी गाणी बसवायला ४. एकूण २३ तास, म्हणजे तासाला साधारण २१७ रुपये, त्यातून पुडीचा आणि रिक्षाचा खर्च वेगळा. आणि घराजवळची दोन तासांची बैठक समजा २ हजाराला आली, जाऊन येऊन ४ तास, तर तासाला ५०० झाले. आकडा मोठा दिसला म्हणून काम मोठं नसतं. तरी साताऱ्याचं घ्यावंसं वाटलं तर घ्या, ओळखी होतात, पण डोळे उघडे ठेवून घ्या.

बाहेरगावच्या कामाला अर्धा ॲडव्हान्स मागा. उरलेले कार्यक्रमाच्या आधी किंवा मध्यंतरात. "उद्या जीपे करतो" हे वाक्य कार्यक्रम संपल्यावर ऐकलंत तर समजून जा.

अजून एक, उघड्यावरचा कार्यक्रम असेल तर रात्री १० ची मर्यादा लक्षात ठेवून बोला. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर बंद, फक्त वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस सरकार १२ पर्यंत सवलत देऊ शकतं. भाषणं लांबली आणि तुमचा कार्यक्रम पाऊण तासात गुंडाळावा लागला तर मानधन कापायचं नाही हे आधीच ठरवून घ्या, कारण भाषणं लांबतातच.

पायरी ५: कार्यक्रमाच्या दिवशी

वेळेवर जा. साउंडवाल्याचं नाव विचारा आणि नावाने हाक मारा, अर्धे प्रॉब्लेम तिथेच सुटतात. मॉनिटरमध्ये (स्टेजवर आपल्याला ऐकू येणाऱ्या स्पीकरमध्ये) आधी गायकाचा आवाज आणि पेटी मागा, स्वतःचा तबला नंतर. कीबोर्डवाल्यांनी स्वतःच्या जॅक केबल, एक्स्टेन्शन बोर्ड आणि जमलं तर स्वतःचा डीआय बॉक्स (कीबोर्ड साउंड सिस्टीमला जोडायची डबी) न्यावा. गाण्यांची वही मोबाइलवर असेल तरी कागदावर एक प्रत पाहिजेच, स्टेजवर भर कार्यक्रमात फोन वाजलेला मी पाहिलाय, तोही निवेदक हळवं काहीतरी बोलत असताना.

आणि वाजवताना गायकाकडे बघा हो! मोबाइलमध्ये बघणारा साथीदार पुढच्या वेळी बोलावला जात नाही.

पायरी ६: दर महिन्याला येणारे पैसे

कार्यक्रमाचे पैसे येतात आणि जातात, भाडं मात्र एक तारखेलाच द्यायचं असतं. म्हणून शिकवण्या. याला काही लोक कमीपणा मानतात, मी मानत नाही. मार्च २०२० मध्ये सगळं बंद पडलं, मधे थोडे दिवस उघडलं, परत बंद झालं, आणि महाराष्ट्रातली नाट्यगृहं दुसऱ्या लाटेनंतर २२ ऑक्टोबर २०२१ ला उघडली तीही निम्म्या क्षमतेने. तेवढ्या काळात ज्यांच्याकडे ऑनलाइन विद्यार्थी होते ते तरले, बाकीच्यांनी भाजी विकली, रिक्षा चालवली, वाद्यं विकली.

ऑनलाइनचं तंत्र पटकन सांगतो. झूममध्ये "ओरिजिनल साउंड फॉर म्युझिशियन्स" ही सेटिंग चालू करा, दोन्ही बाजूंनी, नाहीतर ते सॉफ्टवेअर तानपुऱ्याला फॅनचा आवाज समजून कापून टाकतं आणि डग्ग्याची घुमारी तर गायबच होते. एकत्र वाजवायला जाऊ नका, आवाज उशिरा पोचतो, लय जुळणारच नाही. तुम्ही वाजवा, थांबा, विद्यार्थी वाजवेल. लेहरा रेकॉर्ड करून पाठवा, तो त्याच्या बाजूला लावून वाजवेल आणि तुम्ही ऐकाल.

परदेशातली मराठी घरं हा मोठा आधार आहे, पोरांना पेटी-तबला यावा असं तिथल्या आईबापांना मनापासून वाटतं. फक्त घड्याळ सांभाळा: न्यू जर्सीत संध्याकाळचे साडेसात म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात पहाटेचे ५, आणि नोव्हेंबरात त्यांची घड्याळं मागे गेली की सकाळचे ६. फी महिन्याची आगाऊ घ्या, क्लास रद्द करायचा असेल तर किती तास आधी सांगायचं ते पहिल्या दिवशीच ठरवा. तिकडच्या मंडळांनी कार्यक्रमाला बोलावलं तर टुरिस्ट व्हिसावर जाऊन पैसे घेऊन वाजवू नका, अमेरिकेत कलाकारांसाठी पी-३ सारखे वेगळे व्हिसा आहेत, ते आयोजकाने करायचे असतात. "बघू, चालतं" म्हणणाऱ्या आयोजकाला सोडून द्या.

पायरी ७: रेकॉर्डिंग, यूट्यूब आणि हक्क

घरून ट्रॅक वाजवून पाठवायचं काम आता बरंच होतं. दोन चॅनेलचा ऑडिओ इंटरफेस, दोन बरे माइक (तबल्याला एक, डग्ग्याला एक), गाद्या-गोधड्या लावलेली शांत खोली. क्लिकवर (कानात वाजणाऱ्या टिकटिकीवर) वाजवायची सवय लागते, ती लावून घ्या. फाइल डब्ल्यूएव्हीमध्ये, इफेक्ट न लावता, फाइलला गाण्याचं नाव आणि टेम्पो लिहून पाठवा. एवढं नीट करणारा माणूस अरेंजर सोडत नाही.

यूट्यूबवर पोट भरेल असं समजू नका. १००० सबस्क्रायबर आणि १२ महिन्यांत ४००० तासांचा वॉच टाइम, किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सचे १ कोटी व्ह्यू, मग कुठे जाहिरातीचे पैसे सुरू होतात. स्पॉटिफाय तर २०२४ पासून वर्षात १००० वेळा न वाजलेल्या ट्रॅकचे पैसेच देत नाही. व्हिडिओ टाकावेत, पण तो तुमचा बायोडेटा समजून. कट न करता एका शॉटमध्ये साथीचा व्हिडिओ टाका, काम देणारे तोच बघतात.

दुसऱ्यांची गाणी वाजवून टाकलीत तर क्लेम येतो. इथे एक गोंधळ फार होतो: तुकोबांचे शब्द सगळ्यांचे, पण त्याला एखाद्या संगीतकाराने लावलेली चाल त्याची, तो गेल्यानंतर ६० वर्षं तिच्यावर हक्क असतो. भास्करबुवा बखले १९२२ ला गेले, त्यांच्या चाली मोकळ्या झाल्या. पन्नास-साठ वर्षांपूर्वीची रेडिओवरची लोकप्रिय चाल मोकळी आहे असं मात्र गृहीत धरू नका.

आणि स्वतःचे हक्क. २०१२ मध्ये कॉपीराइट कायदा बदलला, तेव्हापासून गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीतला वाटा सहीने सोडून देता येत नाही, आणि गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांच्या हक्कांनाही जोर आला. स्वतःच्या चाली असतील तर आयपीआरएसचे (गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणारी संस्था) सभासद व्हा, गायक-वादकांसाठी इस्रा म्हणजे आताची इसामरा आहे. लगेच पैशांचा पाऊस पडणार नाही. पण कुठल्या रेकॉर्डिंगमध्ये काय वाजवलं, कोणत्या तारखेला, कोणासाठी, याची वही आजपासून ठेवा, दहा वर्षांनी कोणाला आठवत नाही. नाव क्रेडिटमध्ये टाका म्हणून सांगायला लाजू नका.

पायरी ८: कागदपत्रं आणि शिल्लक

कंटाळवाणं आहे, पटकन उरकतो. मिळालेलं प्रत्येक मानधन लिहून ठेवा, शक्यतो बँकेतून घ्या. दरवर्षी रिटर्न भरा, टॅक्स लागत नसला तरी, कारण घराचं कर्ज मागायला गेलात की पहिलं तेच विचारतात, आणि "म्युझिशियन" ऐकल्यावर बँकवाल्याचा चेहरा पडलेला असतोच. कंपन्या आणि मोठ्या संस्था मानधनातून १० टक्के टीडीएस कापतात, तो बुडाला असं समजू नका, रिटर्न भरलं की हिशोबात येतो, जास्त कापला असेल तर परत मिळतो. आरोग्य विमा स्वतःचा स्वतः काढा, आपल्याला ईएसआय नाही की पीएफ नाही. मनगट, खांदा, पाठ हे आपलं भांडवल आहे आणि डीजेशेजारी वाजवत असाल तर कानही, फोमचे इअरप्लग मेडिकलमध्ये मिळतात.

किमान सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला, मग नवीन पॅड. हा क्रम उलटा करणारे पुष्कळ भेटतील.

सरकारची राजर्षी शाहू महाराजांच्या नावाने ज्येष्ठ कलावंतांसाठी मानधन योजना आहे, महिन्याला ५ हजार, पण ती उतारवयातली गोष्ट आणि त्यालाही कलेत इतकी वर्षं काम केल्याचे पुरावे लागतात. म्हणून कार्यक्रमपत्रिका, पेपरातली कात्रणं, आकाशवाणीची पत्रं, गावच्या सप्ताहाची पोस्टरंसुद्धा, सगळं एका फाइलमध्ये टाकत जा. आकाशवाणीची ऑडिशन बी ग्रेडसाठी तरी देऊन ठेवा, ते पत्रही त्याच फाइलमध्ये.